झिनिया : फुलाआधी पान पाहावे

घरापुढे हातभर जागा मिळाली की तिथे काहीतरी लावावे, असे बहुतेकांना वाटते. ही हौस गुलाबापाशी सुरू होते आणि पुष्कळदा गुलाबापाशीच संपते. गुलाब मागतो फार आणि देतो आपल्या मर्जीने. झिनियाचे तसे नाही. चिमूटभर बी, एक खुरपे, दिवसाचे सहा तास ऊन आणि पाहण्याची सवय, एवढ्या भांडवलावर हे झाड दोन महिन्यांत अंगण रंगवून टाकते. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारे असे हे फूल आहे.

मी या महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी. नोकरीच्या निमित्ताने गेली अनेक वर्षे वडोदऱ्यास राहतो. घरामागच्या छोट्या तुकड्यात मी दरवर्षी झिनिया लावतो. बागकामाच्या पुस्तकांत या झाडाला ‘अत्यंत सोपे’ म्हटलेले असते. माझ्या अनुभवाने हे विधान निम्मे खरे आहे. झिनिया फुलविणे सोपे आहे, पण त्याचे पान शेवटपर्यंत निरोगी राखणे सोपे नाही. ज्याचे पान गेले त्याचे फूलही पंधरा दिवसांत जाते. म्हणून झिनिया लावणाऱ्याने फुलाआधी पान पाहावयास शिकावे, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

नाव आणि कूळ

झिनिया हे मूळचे मेक्सिकोचे झाड. सूर्यफूल, झेंडू, शेवंती व डेलिया ज्या कुलात येतात, त्याच कंपॉझिटी अथवा ॲस्टरेसी कुलातले. बागेत बहुधा आढळते ती जात झिनिया एलिगन्स. हे नाव योहान गॉटफ्रीड झिन या जर्मन प्राध्यापकाच्या स्मरणार्थ दिलेले आहे. झिन गॉटिंगेन विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवीत असे, परंतु त्याची मोठी कामगिरी शरीरशास्त्रातली. मानवी डोळ्याच्या रचनेवर त्याने १७५५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. डोळ्यातील भिंगाला जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या तंतूंना वैद्यकात आजही त्याचेच नाव आहे. १७५९ साली, वयाची बत्तिशीही न गाठता तो वारला आणि त्याच वर्षी लिनीअसने या प्रजातीला त्याचे नाव दिले. डोळ्याचा अभ्यास करणाऱ्याचे नाव मिळालेले हे झाड सांभाळताना उपयोगी पडतो तोही डोळाच.

एक फूल की अनेक?

आपण ज्याला झिनियाचे एक फूल म्हणतो, ते शास्त्रदृष्ट्या एक फूल नव्हे. तो अनेक लहान फुलांचा एकत्र गुच्छ असतो. त्यास स्तबक म्हणतात व त्यातील प्रत्येक छोट्या फुलास पुष्पक. कडेला पाकळीसारखी दिसतात ती किरण-पुष्पके. ती केवळ स्त्रीलिंगी असतात. मध्यभागी पिवळ्या चांदण्यांसारखी उमलतात ती बिंब-पुष्पके. ती द्विलिंगी असतात आणि परागकण त्यांच्याकडूनच मिळतात. ती बाहेरून आत अशी क्रमाने उमलतात, त्यामुळे एकाच स्तबकावर फुलपाखरांना पुष्कळ दिवस मध मिळत राहतो. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर अळ्या वाढणारी मोठी फुलपाखरे सकाळी दहाच्या सुमारास माझ्या वाफ्यावर हटकून येतात.

ही रचना लक्षात घेतली की दोन गोष्टी उलगडतात. पहिली अशी की झिनियाची ‘पाकळी’ वाळली तरी गळून पडत नाही. ती खालच्या फळाला चिकटून कागदासारखी राहते. म्हणूनच हे फूल झाडावर कित्येक दिवस टिकते. दुसरी अशी की पूर्ण दुहेरी, म्हणजे भरगच्च फुलात बिंब-पुष्पके फार थोडी असतात. साहजिकच त्यात परागही थोडे. अशा फुलाचे बी धरले तर त्याचा पिता बहुधा शेजारचे एखादे साधे फूल असते. गतवर्षीच्या भरगच्च फुलांच्या बियांतून यंदा एकेरी फुले का आली, असे पुष्कळजण विचारतात. त्याचे कारण हेच.

वडोदऱ्याची हवा आणि हंगाम

वडोदरे हे बागांची परंपरा असलेले शहर आहे. विश्वामित्री नदीच्या काठी महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८७९ साली उभारलेला सयाजीबाग, लोकांच्या तोंडचा ‘कमाटीबाग’, आजही शहराचा विसावा आहे. आपल्या वाचकांना, विशेषतः कन्नड विभागाच्या वाचकांना, आणखी एक दुवा ठाऊक असावा. क्यू येथील प्रख्यात वनस्पतिउद्यानातून आलेला गुस्ताव हेर्मान क्रुंबीगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ पासून बडोदे संस्थानच्या बागांचे काम पाहत होता. पुढे १९०८ च्या सुमारास तो म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगलोरच्या लालबागेला त्याने नवे रूप दिले. लालबागेजवळच्या रस्त्याला त्याचे नाव आहे. एकाच माळ्याच्या हातून मराठी राजाची आणि कन्नड राजाची बाग घडली, ही गोष्ट आपल्यासारख्या दुभाषी नियतकालिकात नोंदविण्यासारखी आहे.

वडोदरे समुद्रसपाटीपासून जेमतेम पस्तीस-चाळीस मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, पावसाळ्यात हवा दमट व कोंदट होते आणि हिवाळा सौम्य असतो. झिनियाला उष्णता मानवते, थंडी मानवत नाही. त्यामुळे येथे तिची पेरणी तीनदा करता येते. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत पेरलेली झिनिया उन्हाळ्यात फुलते, जूनमध्ये पेरलेली श्रावणात आणि सप्टेंबरात पेरलेली कार्तिकात. दिवस लहान होऊ लागले की झिनियाला कळी लवकर येते. वडोदऱ्यास सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा व सर्वांत लहान पावणेअकरा तासांचा असतो. त्यामुळे सप्टेंबरची पेरणी थोड्या उंचीवरच फुलू लागते. बेळगावकडे पाऊस याहून अधिक व रात्री थंड असतात. तेथील वाचकांनी जूनची पेरणी उघड्या वाफ्यात न करता कुंडीत, पागोळीखाली न येणाऱ्या जागी करावी.

माती व पेरणी

वडोदऱ्याच्या आसपास पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. उत्तरेकडे चरोतराच्या बाजूस हलकी, वालुकामिश्रित ‘गोराडू’ माती लागते. झिनियाला गोराडू जास्त आवडते. काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. माझ्याकडे काळीच माती आहे. त्यासाठी मी वीतभर उंच गादी वाफा करतो आणि त्यात कुजलेले शेणखत व थोडी जाडी वाळू मिसळतो. वाफ्याच्या दोन्ही बाजूंस चर ठेवले की पावसाचे पाणी थांबत नाही. खत बेताने घालावे. नत्र जास्त झाले की पाने मोठी, मऊ व लुसलुशीत होतात, फुले कमी येतात आणि मऊ पान रोगाला लवकर बळी पडते.

पाऊस उघडून मातीला वाफसा आला की पेरावे. बी अर्ध्या ते एक सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नये. उबेच्या दिवसांत चार ते सात दिवसांत ते उगवते. मुळे दुखावलेली झिनियाला सोसत नाहीत; म्हणून शक्य तर बी जागेवरच पेरावे किंवा कागदाच्या लहान पुड्यांत रोप करून पुडीसकट लावावे. उंच जातीच्या दोन रोपांत एक फूट आणि बुटक्या जातीत सहा ते आठ इंच अंतर हवे. हे अंतर नवशिक्याला फार वाटते. दाट वाफा पहिल्या महिन्यात शोभतो खरा, पण दुसऱ्या महिन्यात त्यात वारा शिरत नाही आणि मग तिथूनच रोग सुरू होतो. विरळणी करताना हात आखडू नये.

शेंडा खुडणे

झिनियाची पाने जोडीजोडीने समोरासमोर येतात व प्रत्येक पानाच्या बगलेत एक झोपलेला डोळा असतो. शेंड्याकडून खाली उतरणारे ऑक्सिन हे संप्रेरक या डोळ्यांना दाबून ठेवते. रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की वरचा शेंडा नखाने खुडावा. दाब गेल्याबरोबर खालच्या बगलांतून दोन, चार, सहा फांद्या निघतात. पहिले फूल आठवडा-दीड आठवडा उशिरा येते, पण झाड डेरेदार होते. पुढेही उमललेले फूल पानांच्या जोडीच्या वर कापत राहिले तर प्रत्येक काप हा एक नवा शेंडा खुडणेच ठरते. फुलदाणीसाठी फूल केव्हा कापावे, याची खूण सोपी आहे. फुलाखाली वीतभर अंतरावर देठ धरून हळूच हलवावा. मान लुळी पडली तर फूल कच्चे आहे; देठ ताठ राहिला तर कापावे.

पाणी : घड्याळाने की डोळ्याने?

झिनिया मरते ती तहानेने क्वचित, बहुधा अतिपाण्याने. एका वर्षी मी मुद्दाम दोन वाफे सारखेच पेरले. एकाला संध्याकाळी नळीने वरून पाणी देत गेलो. दुसऱ्याला सकाळी झारीची जाळी काढून केवळ बुडाशी दिले. माती तीच, बी तेच, ऊनही तेच. पानांवर पहिले ठिपके वरून भिजलेल्या वाफ्यात दिसले आणि तो वाफा गोकुळाष्टमीपर्यंत खालून निष्पर्ण झाला. दुसऱ्यातही रोग आला, पण उशिरा व थोडा. रात्रभर ओले राहिलेले पान हे रोगाचे आमंत्रण असते, हे मी पुस्तकात वाचले होते; या वाफ्यांत ते प्रत्यक्ष पाहिले.

याच गोष्टीचा मोठा धडा थेट अवकाशातून मिळाला आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ‘व्हेजी’ नावाच्या छोट्या वाफ्यात २०१५ च्या नोव्हेंबरात झिनियाचे बी रुजविण्यात आले. डिसेंबरात पानांतून पाणी पाझरू लागले, पाने वाकली आणि त्यांवर बुरशी धरली. ओलावा जास्त आणि वारा कमी, हेच कारण. मग पंखा वाढविला, तर झाडे सुकू लागली. पाणी केव्हा द्यावयाचे, हे तोवर पृथ्वीवरून आखलेल्या वेळापत्रकाने ठरत असे. अंतराळवीर स्कॉट केली याने सांगितले की घरच्या बागेत माणूस जसे झाडाकडे पाहून पाणी देतो, तसे मला देऊ द्या. नासाने ते मान्य केले आणि त्याला अवघ्या एका पानाची मार्गदर्शिका पाठविली. काही रोपे गेली, पण उरलेल्यांतून जानेवारी २०१६ मध्ये नारिंगी झिनिया उमलली. एवढ्या यंत्रसामग्रीच्या जागीही शेवटी झाडाजवळच्या माणसाच्या नजरेवर विश्वास टाकावा लागला. आपण घरी तर तेवढे करू शकतोच. बोट पेरभर मातीत घालावे. ओल लागली तर पाणी देऊ नये.

दोन रोग, दोन स्वभाव

झिनियाच्या पानावर काहीही दिसले की ‘बुरशी आली’ म्हणून एकच औषध फवारणारे पुष्कळ आहेत. रोगांचे स्वभाव भिन्न असल्याने हा उपाय निम्म्या वेळा वाया जातो.

पावसाळ्यात येतात ते ठिपके. तांबूस-तपकिरी, पुढे मधोमध राखाडी होणारे गोलसर ठिपके अल्टर्नेरिया या कवकाचे असतात. याला माळी करपा म्हणतात. ठिपका शिरांमध्ये अडून कोनदार झाला असेल आणि भोवती पिवळे वलय असेल, तर तो झँथोमोनास या जिवाणूचा समजावा. दोन्ही रोग ओल्या पानावर आणि उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतात. दोन्ही बियांतूनही पुढच्या वर्षी येऊ शकतात, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. उपाय साधे आहेत. खालची रोगट पाने कोरड्या वेळी खुडून जाळावीत, बुडाशी वाळल्या गवताचे आच्छादन घालावे म्हणजे चिखल पानावर उडत नाही आणि ओल्या झाडांना हात लावू नये.

पाऊस संपल्यावर, आश्विन-कार्तिकात येते ती भुरी. पानावर पीठ भुरभुरल्यासारखे दिसते. हेही कवकच, पण याचे बीजुक रुजण्यास पानावर पाणी साचावे लागत नाही. उबदार दिवस, गार दमट रात्र, सावली आणि दाटी एवढे त्याला पुरते. म्हणून ‘मी तर वरून पाणी देतच नाही, मग भुरी कशी आली?’ या प्रश्नाचे उत्तर पाण्यात सापडत नाही; ते अंतरात आणि उन्हात सापडते. भुरीला सुरुवातीसच पाण्यात विरघळणारे गंधक एका लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात फवारले तर ती आटोक्यात राहते. मात्र कडक उन्हात गंधक फवारू नये, पाने भाजतात.

याशिवाय पाने मुरडून आखडणारा, माळी ज्याला बोकड्या म्हणतात तो विषाणुरोग आहे. झिनियावरील त्याची नोंद देहरादूनहून १९३३ सालीच झालेली आहे. पांढरी माशी तो पसरविते. त्याला औषध नाही. झाड उपटावे आणि मायाममता बाजूला ठेवावी.

बी कोणाचे ठेवावे?

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. बी धरताना बहुतेकजण सर्वांत मोठे फूल निवडतात. मी तसे करीत नाही. श्रावण संपत आला असता, आजूबाजूची झाडे खालून उघडी पडलेली असताना ज्या झाडाची खालची पाने अजून हिरवी आहेत, त्याला मी लाल दोरा बांधतो. फूल मध्यम असले तरी चालेल. बी त्याचेच. कारण बाजारातून मिळणारे बी बहुधा दुसऱ्या कुठल्यातरी कोरड्या हवेत तयार झालेले असते. आपल्या अंगणातल्या पावसाची परीक्षा ज्याने दिली आहे, असे झाड आपल्या अंगणातच मिळणार. शिवाय निरोगी झाडाच्या बियांतून करपा पुढच्या वर्षी येण्याचा संभवही कमी. संकरित, म्हणजे एफ-वन जातीचे बी मात्र धरू नये. त्याची संतती सारखी निघत नाही.

मोठ्या प्रमाणावर शास्त्रज्ञांनीही हाच विचार केला. झिनिया अँगस्टिफोलिया ही अरुंद पानांची, रोगाला दाद न देणारी जात एलिगन्सशी संकरित करून नवे वाण निघाले. त्यांतील ‘प्रोफ्युजन’ या वाणाला १९९९ साली अमेरिकेत ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचे सुवर्णपदक मिळाले. फुले लहान, पण पाने स्वच्छ. पदक मिळाले त्यात पानांचा वाटा मोठा होता.

बी काढण्याची रीत अशी. स्तबक झाडावरच पूर्ण वाळू द्यावे. मग हाताने चुरावे. कडेच्या किरण-पुष्पकांची फळे तिधारी, मधल्या बिंब-पुष्पकांची चपटी असतात. नखाने दाबून पाहावे. पोकळ ते फेकावे. आठवडाभर सावलीत वाळवून, कागदी पाकिटात घालून, झाकणाच्या डब्यात ठेवावे. पाकिटावर रंग, महिना व वर्ष लिहावे. कोरडे राहिले तर बी तीन-चार वर्षे उगवते.

या डब्याची किंमत मला २०२४ साली कळली. ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला महापूर आला. पंचवीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून नदी पस्तीस फुटांच्या वर गेली आणि शहराच्या सखल भागात दिवसच्या दिवस पाणी राहिले. माझ्या वाफ्यावर गाळाचा थर बसला. दोरे बांधलेली झाडेही गेली. परंतु आदल्या दोन वर्षांचे निवडलेले बी माळ्यावरच्या डब्यात होते. गाळ उपसून, माती उन्हात तापवून अनंत चतुर्दशीनंतर ते पेरले. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास पहिली फुले आली. शेजारच्या तीन घरी त्याच पाकिटांतले बी गेले. बाजारात बी मिळाले नसते असे नव्हे. पण आमच्या गल्लीचा पावसाळा सोसलेले बी विकत मिळाले नसते.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एक सोपा प्रयोग करून पाहावा. एकाच स्तबकातील तिधारी व चपटे बी वेगळे करावे, दोन कुंड्यांत पेरावे आणि उगवण, उंची व फुलांचा प्रकार यांची वहीत नोंद ठेवावी. दर रविवारी खालून तिसऱ्या जोडीतले पान पाहून त्यावरचे ठिपके मोजावेत. महाविद्यालयाच्या आवारात दोन वाफे मिळाले तर मराठी व कन्नड विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकेक वाटून घ्यावा आणि एकाच निवडीचे बी तीन वर्षे पुढे चालवावे. तिसऱ्या वर्षाअखेर कोणत्या वाफ्याची पाने स्वच्छ राहिली, हे त्या वह्याच सांगतील. तो अहवाल याच अंकात, दोन्ही भाषांत, वाचावयास मिळावा, एवढीच एका जुन्या विद्यार्थ्याची अपेक्षा.